अग्नी देईल त्याचं घर

आमच्या आईला घर हवं होतं, आणि ही गोष्ट ती कधी कोणापासून लपवत नसे. विहिरीवर, देवळात, माशांच्या पाटीसमोर उकिडवी बसून भाव करताना, कुठंही विषय निघाला की ती सरळ म्हणे, "माका घर होया. त्यात लाज कसली?" लाज वाटायची ती बाबांना. दोघांच्या ह्या फरकापायी आमचं काय झालं तेच मला सांगायचं आहे. गोष्ट जुनी आहे. आमचा मालवणचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा आणि महाराष्ट्र अजून व्हायचा होता, तेव्हाची. माझा राग मात्र जुना झालेला नाही, तेव्हा मध्येच आवाज चढला तर चढू द्या.

बाबांचं मूळ घर विजयदुर्गाकडचं. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला अर्धी पडवी आली, तीही ज्या बाजूनं पाऊस मारतो त्या बाजूची. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आईनं ती पडवी एकदा पाहिली आणि म्हणाली, "हयसर मी शेरडांपण बांदूचंय नाय." मग बाबांनी मालवणच्या बाजारात कौलांच्या वखारीत नोकरी धरली. मंगळुरी कौलं गलबतातून उतरायची, ती मोजून घ्यायची, फुटकी बाजूला काढायची, गिऱ्हाइकाच्या गाडीत भरून द्यायची. दुसऱ्यांच्या घरांवर चढणारी कौलं दिवसभर हाताळून संध्याकाळी ते लाल धुळीनं माखून भाड्याच्या घरी यायचे.

हे भाड्याचं घर मालवणहून खाडीच्या कडेनं आत गेलं की लागणाऱ्या एका वाडीत होतं. चिऱ्याच्या भिंती, वर साधी गावठी अर्धगोल कौलं, म्हणजे नळे, पुढं ओटा, अंगणात तुळस, मागं चार माड आणि एक कापा फणस. मालकीण म्हणजे एक म्हातारी विधवा. तिला आम्ही सगळे काकी म्हणत असू. नवरा बोटीवर खलाशी होता, तो कधीच वारलेला, आणि मूलबाळ नव्हतं. ती मागच्या खोलीत स्वतःची वेगळी चूल मांडून राहायची आणि बाकीचं घर आईबाबा, माझी थोरली बहीण आणि मी, असं आमच्याकडे होतं. रक्ताचं म्हणावं असं तिचं एकच माणूस, दिराचा मुलगा. तो मुंबईत नोकरीला आणि त्याचं घर खाडीपलीकडे वालावलीत. दर मे महिन्यात तो गावी यायचा, पण होडीत बसून कधी काकीला बघायला आलेला मी तरी पाहिला नाही.

काकीचं तोंड म्हणजे तोंड होतं. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. माडावरून पडलेला नारळ तिचा, मग तो आमच्या पायाशी का पडेना. आई तो उचलून निमूट तिच्या दाराशी ठेवून यायची. "भाडोत्र्यान भाडोत्र्यासारख्या रवूचा," असं काकी ठणकावून सांगायची, आणि लगेच मला हाक मारायची, "गो चेडवा, हकडे ये. केसांची काय दशा केलंस ती!" मग गुडघ्यांत माझं डोकं दाबून धरून, तेल चोपडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वेणी घालायची. मला तिचा राग यायचा आणि ती मला आवडायचीही. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मी तिच्याकडूनच शिकले.

एका वर्षी चतुर्थीची आरती झाल्यावर तिनं वाडीतल्या सगळ्यांसमोर विषय काढला. वाडीचा मान ज्यांच्याकडे होता ते म्हातारे गावकार ओट्यावरच बसले होते. त्यांच्याकडे बघून काकी म्हणाली, "ऐका. ह्या घर मी ह्येका देतलंय. पण माज्या मागारी. मी जिती आसताना इकलंय तर मी माज्याच घरात भाडोत्री होतलंय. ता माका नको." मग बाबांकडे वळली. "तू घरासाठी जे पैसे जमवतंस मां, त्यातसून माजे दिवस कर, वाडीक जेवण घाल, आणि उरतीत ते देवळात दिव्याक दी. घराची किंमत तीच. आणि आग माका तू दिवची. पुतण्याची आशा मी धरूक नाय."

बाबा खाली मान घालून "बरा" म्हणाले. गावकार म्हणाले, "मी ऐकलंय." आमच्या वाडीत एवढं पुष्कळ होतं. कोर्टकचेरीचं मला कोणी सांगू नका. तिथं मालवणला जाऊन दावा लावणारं माणूस एकही नव्हतं. चार माणसं काय म्हणतात त्यावर जमिनीचे बांध ठरायचे, आणि अग्नी ज्यानं दिला तो वारस, हे तर लहान पोरालाही ठाऊक होतं.

आई मात्र त्याच रात्री बाबांना म्हणाली, "कागद करून घेवा."

"जित्या म्हातारीकडे मरणाचो कागद मागू? माज्याच्यान होवचा नाय."

"तिनाच सांगला मां सगळ्यांच्या म्होरां!"

"तिना सांगला ता तिचा मोठेपण. मी मागला तर माजो हलकटपणा." बाबा पाठ फिरवून झोपले, आणि तो विषय आमच्या घरात तिथंच संपला.

आता बघा आमची गंमत. जगात माणसं घर घ्यायची वाट बघतात, पैसे साठायची वाट बघतात, जागा मिळायची वाट बघतात. आम्ही वाट बघत होतो ती एका माणसाच्या मरणाची. कोणी तसं तोंडानं बोलत नसे, पण सबंध वाडीला ते माहीत होतं, आणि आमच्या लोकांच्या जिभेला हाड नाही. बाजारात कोणी भेटला की विचारणार, "काय रे, घर झाला काय?" आणि हसणार. वखारीतला एक हमाल तर रोज सकाळी पहिली पाटी डोक्यावर घेताना म्हणायचा, "म्हातारी घट आसा मां? मगे तुजा कठीण आसा." बाकीच्यांना ती थट्टा. बाबांना ती थट्टा जेवू देत नसे. घरी आले की हातपाय धुवायच्याही आधी मागच्या दाराशी जाऊन विचारायचे, "काकी, बरा वाटता मां?" आतून आवाज यायचा, "मेलंय काय ता बगूक इलंस?" ती खो खो हसायची. बाबा पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचे. त्यांना थट्टा कधी कळलीच नाही, काकीची नाही आणि जगाचीही नाही.

छप्पर गळायचं. गावठी नळे दरवर्षी पावसाआधी उतरवून परतावे लागतात, तुटलेले बदलावे लागतात, आणि ते काम बाबा स्वतःच्या हातानं करत. आईचं म्हणणं, वखारीत मंगळुरी कौलं आहेत, मालक उधारीवर देईल, एकदाची घाला आणि सुटा. काकीचीही ना नव्हती. बाबा म्हणाले, "लोक म्हणतीत, म्हातारी मराक नाय तवसर ह्येना घर आपला केल्यान."

"लोक काय आमच्या गळतीखाली टोप धरूक येतले?"

लोक बोलतील ह्या एका भयानं कौलांच्या वखारीतला माणूस गळक्या घरात राहिला. पावसाळाभर आम्ही अंथरुणं ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढत असू, आणि मागच्या खोलीत काकीच्या बाजेवर बाबांनी पोफळीच्या गळून पडलेल्या रुंद विऱ्यांचं वेगळं छत करून दिलं होतं. आमच्यावर गळलं तरी चालेल, काकीवर थेंब पडता कामा नये, नाहीतर लोक म्हणतील मुद्दाम भिजवली.

एकदा काकीला ताप भरला. दोन दिवस ती बरळत होती. वाडीतल्या बायका येऊन बसल्या आणि माझ्या आईकडे अशा बघू लागल्या की जणू बारशाला आल्या आहेत. बाबा सायकल मारत मालवणला गेले आणि दुपारच्या उन्हात डॉक्टरांना घेऊन आले. त्या काळी आमच्या वाडीत डॉक्टर येणं म्हणजे केवढी गोष्ट! सुया टोचल्या, औषध दिलं, आणि चौथ्या दिवशी काकी उठून बसली, पेज मागू लागली. बाबांना समोर बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, तुका घर नको काय रे? दाक्तर कित्याक आणलंस?"

आई एवढी हसली की तिच्या हातातली पेज सांडली. मीही हसले. बाबा उठून माडांकडे गेले आणि पुष्कळ वेळ तिथंच उभे राहिले. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

शेवटचं वर्ष काकी बाजेवरच होती. तिचं सगळं आईनं केलं. सगळं म्हणजे सगळं. अंग पुसणं, लुगडं बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवणं, भरवणं. तोंडाला चव नाही म्हणून काकीला बांगड्याचं तिखलं हवं असायचं, तेही तिरफळं घातलेलं, आणि आई काटे काढून ते तिला चारायची. माझ्या आईनं हे घरासाठी केलं असं म्हणणाऱ्या बायका होत्या. केलंच. आई तसं स्वतःच बोलली होती, तेही काकीच्या तोंडावर. मी पायाशी बसून वाती वळत होते. आई काकीच्या तळपायांना खोबरेल चोळत म्हणाली, "काकी, खरा सांगतंय. माका तुजा घर होया. पण तू मरूक नको. दोनय खरा."

काकी डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "ठावक आसा माका. तुज्या घोवाक सांग. तो वेडो आसा."

पुढच्या वैशाखात एका सकाळी आई पेज घेऊन मागच्या खोलीत गेली आणि तशीच भांडं घेऊन परत आली. "काकी गेली," म्हणाली आणि चुलीपुढं बसून रडू लागली. मोठ्यानं रडली. त्यात खोटं काही नव्हतं, हे मी आज कोणत्याही देवापुढं सांगेन.

वाडी जमली. बांबू आले, मडकं आलं, फणसाची फांदी तोडायची की सुका आंबा घ्यायचा ह्यावर बोलणं झालं. गावकार काठी टेकत आले आणि बाबांना म्हणाले, "चल, आंघोळ कर. वेळ लावू नको. तू आग दी, मगे पुढचा आमी बगतंव."

बाबा हलेनात. मग म्हणाले, "तिचो पुतणो वालावलीत इलो हा. रक्ताचा माणूस खाडीपलीकडे जिता आसताना मी परक्यान आग कशी दिवची?"

बायामाणसांनी अशा वेळी पुढं यायचं नसतं. आई दारातून बाहेर आली. केस सुटलेले, नाक लाल. "अवो, तिना तुमका सांगला होता! सगळ्यांच्या म्होरां सांगला होता!"

"लोक म्हणतीत, घरासाठी आग दिल्यान."

"म्हणू देत! म्हणू देत तेंका! इतकी वर्सां म्हणतत ते आणिक एक दिवस म्हणतीत!"

"माज्याच्यान होवचा नाय गो," बाबा म्हणाले. "बग बाबा," गावकार म्हणाले. "ही येळ परत येवची नाय." बाबांनी नकारार्थी मान हलवली. मग एका तांडेलाला होडी घेऊन पलीकडे पाठवलं.

मी तेव्हा लहान होते, पण इतकी लहान नव्हते की काय चाललं आहे ते कळू नये. बाबांना जाऊन गदागदा हलवावं असं वाटत होतं. आजही त्या अंगणात मला मनानं जाता येतं, आणि आजही मला त्यांना हलवावंसं वाटतं. माझे बाबा चांगले होते, सगळ्या तालुक्यात चांगले म्हणून माहीत होते. पण बायकोपोरांच्या डोक्यावरचं छप्पर देऊन जो चांगुलपणा विकत घ्यावा लागतो, त्याला काय चाटायचं आहे? मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाऊ नये हे खरं. इथं मेलेलीनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं, आणि आमच्या माणसानं ताट सरकवलं.

पुतण्या दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, पँट. अंगणात आल्या आल्या त्यानं तोंड पाडलं, आणि कोणी सांगितलं तसं सगळं केलं. आंघोळ केली, मडकं उचललं, खांद्यावरून पाणी सोडलं, अग्नी दिला. बाबा इतर चौघांसारखे खांदा देऊन आले. संध्याकाळी परत आल्यावर कडुलिंबाचं पान चावून थुंकायच्या आत पुतण्यानं आईला विचारलं, "माळ्याची किल्ली तुमच्याकडे असते का?" मुंबईत शिकलेली शुद्ध भाषा तो अशा वेळी काढायचा.

दहा दिवस तो आणि मागून आलेली त्याची बायको घरात होती. सुतक त्यांना, म्हणून घर त्यांना. आम्ही बाजूच्या पडवीत सरकलो. पुतण्याची बायको माझ्या आईला "तुम्ही" म्हणायची आणि एकेक करून डबे उघडून बघायची. बाबा वखारीत जाऊन यायचे. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. ती माझ्याशी बोलायची, आणि तेही एकच. "दहाव्याक बग. कावळो शिवाचो नाय. माज्या हातान तिना खाल्ल्यान, मी तिका वळाखतंय. शब्द दिलेलो आसा तिना. तो शब्द पुरो होयसर ती जावची नाय."

हे नुसतं आईचं वेड नव्हतं. आमच्याकडे सगळे तसंच मानतात. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही. मग नातलग हात जोडून एकेक वचन देतात, अमक्याचं लग्न करू, तमक्याला सांभाळू, आणि खरी इच्छा बोलली गेली की कावळा येतो. गावकारांनीही आईला निरोप धाडला होता, "कावळो आडलो की मी तेका सगळ्यांसमोर सांगतंय, म्हातारीन घर कोणाक दिलला ता. मगे तेका नाय म्हणूक येवचा नाय." म्हणजे आमचं सगळं आता त्या कावळ्यावर होतं. आई ते दहा दिवस किती शांत होती! मला वाटतं आपलं स्वतःचं घर तिला जितकं त्या दिवसांत दिसलं तितकं आधी कधी दिसलं नसेल.

दहाव्याला बायका खाडीवर जात नाहीत. आई मला घेऊन बांधाआड केवड्याच्या बनाजवळ उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. भटजींनी पिंड मांडून घेतले, पुतण्यानं भाताचा पिंड केळीच्या पानावर ठेवला, वर तीळ टाकले, आणि सगळे मागं सरायला वळले. ते नीट मागं सरलेही नव्हते. पलीकडच्या माडावरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडात चोच खुपसली. त्याच्या मागोमाग आणखी दोन आले.

"सुटली रे म्हातारी!" कोणीतरी आनंदानं ओरडलं. "काय एक इच्छा रवली नाय तिची! काय पुण्यवान बाय!"

मी गावकारांकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि काठी उचलून चालू लागले. त्यांना आता बोलायला काही राहिलं नव्हतं.

आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. मला वाटलं ती कावळ्याला शिव्या घालेल, उपाशी मेल्या म्हणेल, वैशाखात खाडीवर काय मिळतं कावळ्यांना! तसं काही तिच्या मनातही आलं नाही. ती हळूच म्हणाली, "फसवल्यान माका." कोणी, असं विचारायचा मला धीर झाला नाही. पण ती काकीला म्हणत होती. वर्षभर जिचं सगळं केलं ती बाई जाताना आपल्याला विसरून गेली, आपल्यासाठी तिची काही इच्छाच उरली नव्हती, असं आईच्या मनानं घेतलं आणि ते नंतर कधी निघालं नाही. घर गेलं त्यापेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

तेराव्यानंतर बाबा पुतण्यासमोर जाऊन उभे राहिले. जमवलेले पैसे धोतराच्या सोग्यात बांधून नेले होते. काकीनं ठरवलेलं सगळं त्यांनी सांगितलं. पुतण्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकीच्या मनात तसं असतं तर कावळा अडला असता. तुम्ही तर समोरच होता." बाबांची समजूत घालावी तसा तो पुढं म्हणाला, "तुम्हाला काढत नाही हो मी. तुम्ही राहा. जसे भाडेकरू होता तसे सुखानं राहा. तुमच्यासारखं सज्जन माणूस मला तरी कुठं मिळणार?" बाबा बाहेर आले आणि आईला म्हणाले, "रवा म्हणता तो. वायट नाय माणूस."

तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती राहिलं ते हे.

राहिलो. जाणार कुठं? मागच्या खोलीला कुलूप लागलं, माळ्याला कुलूप लागलं. मे महिन्यात तो बायकोमुलांना घेऊन यायचा तेव्हा आम्ही घर रिकामं करून देत असू आणि अंगणातल्या मांडवात चूल मांडत असू. कूळ म्हणून आमचा हक्क लागू नये ह्यासाठी त्याला कोणीतरी हा उपाय सांगितला होता. नारळ आता त्याचा. पडलेला नारळ आई उचलत नसे. त्याला तिथंच पडून कोंब यायचा. नळे परतायचं काम बाबाच करत होते, आणि छप्पर गळतच होतं. पैशांतून पुढं दुसरीकडे एखादी जागा घेऊ असं बाबा म्हणायचे, पण माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ते गेले, आणि नंतर त्यांनीच म्हणायचं सोडलं.

दुसऱ्या वर्षीच्या पितृपक्षात मुंबईहून येणाऱ्या एका माणसाबरोबर पुतण्याचा निरोप आला. गणपतीत रजा संपली, आता परत मिळणार नाही. काकीचा म्हाळ त्याच घरात व्हायला हवा, नाहीतर दोष लागतो. तेव्हा तुम्हीच घाला, भटजींना बोलवा, खर्च भाड्यात वळता करून घ्या.

मला वाटलं आई आता तरी भांडेल. ती पहाटे उठली, न्हाली आणि चुलीपुढं बसली. वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, खीर केली, अळू केलं, भोपळ्याची भाजी केली. मी भाजी चिरून देत होते. सगळं पानावर वाढून झालं तेव्हा भटजींनी पळीपंचपात्र मांडलं आणि विचारलं, "पाणी कोणाच्या हातानं सोडायचं? घरचं कोणी आहे का?"

बाबा सोवळं नेसून कोपऱ्यात उभे होते. त्यांनी आधी भटजींकडे पाहिलं, मग आईकडे. काकी गेल्यापासून त्या दोघांनी एकमेकांकडे असं सरळ बघितलेलं मला आठवत नाही.

आईनं पदरानं हात पुसले. "सोडा पाणी," ती म्हणाली. "आता कोण काय म्हणाचो नाय."

बाबा पाटावर बसले. हातावर तीळ घेतले आणि काकीचं नाव घेऊन पाणी सोडू लागले.